तिसऱ्याचं दुखणं

चोइबाल्सान. उणे एकतीस.
एर्देनेबिलेगची जुनी गाडी
पुलावरून लंगडत आली,
एक पाय आखडल्यासारखी.

सीटवर दोन नव्या कॉईल, डब्यासकट.
"तिसरा मिस मारतोय. कॉईलच गेली असणार."
म्हणजे पैसे देऊन झाले होते.

खोंगोरझुल काही बोलली नाही.
तिसऱ्याची कॉईल तिने पहिल्यावर बसवली,
पहिल्याची तिसऱ्यावर.
बिऱ्हाडं बदलली; ताप मात्र
तिसऱ्याच घरात राहिला.

मग प्लग बघितला. मग टेस्टलॅम्प लावला.
करंट येतोय. अर्थ धरतोय.
फक्त निरोप, ठिणगी टाक म्हणणारा,
कधी पोचतो, कधी वाटेत राहतो.

हातमोजा दातांनी ओढून काढून
तिने वायरींचा जुडगा नुसता हलवला,
झोपलेल्याचा खांदा हलवावा तसा.
इंजिन अडखळलं.
पुन्हा हलवला.
पुन्हा, तिथेच.

ब्रॅकेटच्या धारेवर वायर घासलेली,
तांब्याचे तीनच तंतू उरलेले,
आणि त्यावर टेप. निळी, सुटत आलेली.
कुणीतरी आधी इथवर येऊन गेलं होतं.

"माझीच," तो म्हणाला, बऱ्याच वेळाने.
"मागच्या हिवाळ्यातली. तात्पुरती."

ती हसली नाही.
कुजका तुकडा कापला, नवा जोडला,
डाख लावला, नळी चढवली,
आणि त्या धारेपासून दूर बांधून टाकला.

चारही बोलू लागले.
नव्या कॉईलकडे तो बघत राहिला,
मग पाकीट काढून: "किती?"

दोन बोटं वायर
तिने दोन बोटांत धरून दाखवली.
"याचे काय घेऊ?"