तेवीस

मंगाईची जत्रा झाली आणि आमच्या घरात उंदीर वाढले.
आधी तांदळाच्या डब्यामागं काळ्या लेंड्या,
मग साबणाची वडी एका कोपऱ्यात कुरतडलेली,
मग संतूच्या भूगोलाच्या पुस्तकातला
नेमका नकाशा.
नळावर मी हसत सांगितलं, तर कुणी म्हणालं,
बघा, बेळगावचे उंदीर, त्यांनीही कौल दिला.

खासबागच्या रविवारच्या बाजारातनं पिंजरा आणला.
आत भज्याचा तुकडा. रात्री खट्ट.
सकाळी हे पिंजरा सायकलला अडकवून
बळ्ळारी नाल्यापर्यंत जायचे
आणि सोडून यायचे,
म्हणजे दुसऱ्याच्या भातात.
आमच्याकडं त्यालाच दया म्हणतात.

त्याच दिवसांत बुचड्यांची मांजरी
भिंत ओलांडून आमच्याकडं राहायला आली.
तिकडं ती बेक्की होती,
इकडं आम्ही चिंगी म्हणू लागलो.
दोन्ही नावांकडं तिनं सारखंच दुर्लक्ष केलं.
अंबव्वा दारात उभी राहून म्हणाली,
"राहू दे की तुमच्यात. आमच्यात तिला करमंना."
मला वाटलं, केवढं मन बाईचं.

एक सांगायचं राहिलं.
त्या महिन्यात आम्हाला झोप चांगली लागली.
वीस वर्षं भिंतीपलीकडं दोन यंत्रमाग,
मांडणीतल्या ताटल्या किणकिणायच्या,
खिळ्यावरचं कॅलेंडर हलत राहायचं.
पाहुणे विचारायचे, हे काय?
आम्ही विचारायचो, कुठं काय?
आता कॅलेंडर हलेना.
हे म्हणाले, समजूतदार माणसं आहेत,
रात्रीचा माग बंद ठेवतात.
दिवसाचं आमच्या लक्षातच आलं नाही.

उंदीर मात्र मोजले.
तेवीस.
वहीत लिहिले, दुधाच्या हिशेबाखाली.

पंचमीच्या आदल्या दिवशी गेले, ती भांडायलाच.
मधल्या भिंतीला खाली भोक आहे,
तुमच्या बाजूनं बुजवा, तिकडनंच येतात सगळे.
वाक्य उंबऱ्यावर जुळवूनच ठेवलं होतं.

आत माग होता, त्यावर जुनं इरकल पांघरलेलं.
मोटार काढून नेलेली, चार बोल्टांची भोकं उरलेली.
अंबव्वानं बसायला पाट दिला.
उंदीर म्हटल्यावर हसली.
"आमच्यात एकपण नाही बघ.
येऊन काय करतील?"

मग मी स्वयंपाकघराकडं बघितलं.
सगळं उघडं होतं.
जोंधळ्याच्या पिंपाला झाकण नाही,
तेलाच्या बरणीला बूच नाही,
शिंक्याला काही टांगलेलं नाही.
आमच्यात पाण्यावरसुद्धा ताटली असते.

तिनं न विचारता अंगठा पुढं केला.
सूत ओढून ओढून गुळगुळीत झालेला,
नदीतल्या गोट्यासारखा.
"रेशनच्या मशीनला मी दिसत नाही," म्हणाली,
"तीन महिने झाले. सायबानं सांगितलं, क्रीम लाव."
बसलिंग पाठ करून झोपला होता,
भर दुपारी, भिंतीकडं तोंड करून.
आमच्याच भिंतीकडं.

भोकाचं मी बोलले नाही.
घरी यांनी विचारलं, बुजवतो म्हणाले काय?
सिमेंटची अर्धी पिशवी दारात आणून ठेवली होती यांनी.
मी म्हटलं, तिकडनं काही येत नाही आता.
यायचं होतं ते येऊन गेलं.

संध्याकाळी एक डबा भरून त्या भोकापाशी उभी राहिले
आणि मग शहाणपण सुचलं,
दारानं गेले.

आता नळावर मी बायकांना विचारते,
तुमच्यात उंदीर आहेत काय?
त्यांना वाटतं, हिला उंदरांचं खूळ लागलंय.
जी म्हणते, फार झालेत बाई, कपडेसुद्धा ठेवत नाहीत,
तिच्याशी मी पिंजऱ्याच्या किमतीवर बोलते.
काल हत्तरक्यांची सून घागर उचलता उचलता म्हणाली,
नाहीत.
एवढंच. आणि भराभरा निघाली.

रात्री हे घोरतात.
चिंगी भोकापाशी बसलेली असते, तोंड पलीकडं.
मी कॅलेंडरकडं बघत पडते.