आजचं भाडं

सोमवारी दुपारी रिक्षा धुऊन झाली
तसा सम्यक मागच्या सीटवर बसला आणि म्हणाला,
खडकवासला येणार का?
मी सवयीनं म्हणालो, तिकडून रिकामं यावं लागतं.
सुजाता हसली. मैत्रीला कडेवर घेऊन
तीही आत शिरली, पिशवीसकट.
दोन बाटल्या पाणी, चटणी-चपाती, एक जादा चड्डी,
आणि उलटीसाठी दुधाच्या पिशव्या,
धुऊन वाळवलेल्या.

मीटर टाका, सम्यक म्हणाला.
अरे, घरचीच माणसं.
नाही पप्पा, मीटरनंच.
टाकलं.

जनता वसाहतीतून कालव्याच्या कडेनं बाहेर पडलो.
अकरा वर्षं या आरशात माणसं बघतोय.
फोनवर भांडणारी,
रडून झाल्यावर पावडर लावणारी,
ससूनच्या गेटाशी उतरताना
पाय आधी कुठला टाकावा ते विसरलेली.
आज आरशात माझंच नाक दोनदा,
लहान मापात,
आणि एकाखाली शेंबूड.

राजाराम पुलाशी सिग्नल लागला.
सम्यक पाट्या वाचायला लागला:
प्लायवूड, दातांचा दवाखाना, साबुदाणा वडा.
मैत्रीला वाचता येत नाही,
ती रंग सांगते. पिवळं. पिवळं. निळं.
मध्येच तो मीटरचा आकडा ओरडतो,
क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा.

वडगावच्या पुढं मैत्रीला शू आली.
एका बंद गॅरेजमागं सुजाता तिला घेऊन गेली.
इंजिन बंद, सम्यकचा डोळा मीटरवर.
पप्पा, आपण उभेच आहोत, तरी वाढतंय!
म्हणालो, उभं राहण्याचेही पैसे असतात.
सुजाता तेवढ्यात परत आलेली, तिनं ते ऐकलं.
नऊ वर्षं उभीच आहे ती,
रात्री अकराला, साडेअकराला,
खाली चढावर रिक्षा वाजेपर्यंत, दाराशी.
काही बोलली नाही.
चड्डीची नाडी बांधली, गाठ जरा जास्तच घट्ट.

नांदेड फाट्यावर एका बाईनं हात केला,
दोन पिशव्या, एक म्हातारा.
माझा पाय आपोआप ब्रेकवर.
भरलीये! सम्यक आतून ओरडला,
दिसत नाही का?
माझाच आवाज होता तो, हुबेहूब.
मला काही आवडला नाही.

धरणापाशी वारा होता.
एका कणसाचे चार तुकडे केले,
मधला सम्यकनं पटकावला.
मैत्रीनं विचारलं, हे पाणी कुणाचं?
सुजाता म्हणाली, आपलंच. हेच नळाला येतं.
तिला पटेना.
आपल्याकडं तर ते सकाळी तासभर येतं
आणि घाईघाईनं जातं.
इथं नुसतं बसून राहिलंय,
कुणी बादलीसुद्धा लावलेली नाही.
बराच वेळ ती पाण्याकडं रागानं बघत होती.

मीटरवर दोनशे एक्काहत्तर.
सम्यकनं खिसा उलटा केला:
तीन चिंचोके, बाटलीचं एक झाकण.
सुट्टे नाहीत, म्हणाला.
मीही नेहमीसारखं म्हणालो, माझ्याकडंही नाहीत.
चिंचोके घेतले. झाकण परत दिलं.

येताना मीटर टाकलं नाही.
धायरीच्या गर्दीत दोघंही झोपली,
एक तिच्या खांद्यावर, एक आडवा पसरलेला.
वसाहतीच्या तोंडाशी इंजिन बंद केलं.
वर जायला उभ्या पायऱ्या,
आणि झोपलेलं पोर जागेपणाच्या दुप्पट जड.
सुजाता म्हणाली, थांबू जरा.
थांबलो.
सम्यकचा पाय झोपेत मागून माझ्या पाठीला लागला,
तिथंच राहिला.

एकजण आत वाकून म्हणाला, स्वारगेट?
मी नुसती मान हलवली. नाही.
तो चालू लागला, पुटपुटत,
पुण्याच्या रिक्षावाल्यांना
जे म्हणायचं असतं ते म्हणत.