नंबर पुसलेले व्हॉल्व्ह

मुहर्रकला, सुकटवाल्यामागच्या गल्लीत,
बुरहान हमदुले यांचं दुकान महिनाअखेर बंद होणार,
म्हणून शुक्रवारी मी गेलो
खोकी मोजायला.

अकरा. त्यांतली नऊ व्हॉल्व्हची,
एकात ऑसिलोस्कोप, आणि एकात काय
हे बाणकोटहून पहिल्यांदा आलेल्या त्या पोराला ठाऊक असेल
ज्याने ते खोकं बांधलं. आता सत्तरीत आहे तो.

मी रिफायनरीत मीटर कॅलिब्रेट करतो, बावीस वर्षं.
आकडा नसलेली वस्तू
हातात धरवत नाही मला.
आणि इथे काचेकाचेवरचा नंबर
कुणाच्या तरी अंगठ्याने नेलेला.

"पिना मोज आधी."
सात. नऊ. नऊ. आठ, मधे काळी खुंटी.
"आठवाल्या अमेरिकन, तेल कंपनीच्या बंगल्यांतल्या.
नऊवाल्या विलायती.
आता डोकं बघ."

डोक्यात आतून चांदीचा डाग.
रुपेरी असेल तर जीव आहे,
दुधासारखा पांढरा पडला तर हवा शिरली.
पांढरे मी बाजूला काढले, एकोणीस निघाले.
त्यांनी त्यातला एक उचलून खिशात टाकला.
मी विचारलं नाही.

टेस्टरच्या झाकणाचं कातडं बोटाला भुग्यासारखं लागतं.
कुठल्या व्हॉल्व्हला कुठली बटणं, ते सांगणारी कागदाची गुंडाळी
उंदरांनी निम्मी वाचलेली;
उरलेली निम्मी हमदुल्यांना पाठ.
दिवा लागतो. आत तार तांबडी होते, आधी लाजल्यासारखी.
मग काटा निघतो:
लाल पट्टा, हिरवा पट्टा,
आणि दोघांच्या मधे बोटभर जागा
जिथे छापलंय फक्त प्रश्नचिन्ह.

आमच्या मेडिकलला ही जागा नसते.
फिट, नाहीतर विमान.

"हा नोखदा खलफानच्या रेडिओतला," ते म्हणाले,
"हिरव्या डोळ्याचा. स्टेशन नीट लागलं की डोळा मिटायचा.
म्हातारा आवाज बंद करून नुसता डोळाच बघत बसायचा.
पैसे नाही दिले कधी. हमूर द्यायचा, एवढा."
हात पसरले तर दोन्ही बाजूंना खोकी लागली.

रात्री नऊला एकच उरला.
नऊ पिना, डोकं रुपेरी, काटा प्रश्नचिन्हात,
अंगावर एक अक्षर नाही.
टॉर्च तिरका धरला. तोंडाची वाफ दिली.
कपाळाला घासला, हे मला एकाने शिकवलं होतं.
काही नाही.

गाडीतून भिंग आणावं म्हणून
तो हातात तसाच घेऊन दार उघडलं.

ऑगस्ट. समुद्र गल्लीत उभा होता.
एसीत दिवसभर गारठलेला माझा चष्मा
एका क्षणात पांढरा,
आणि चष्म्याखालून, अगदी नाकाशी धरलेल्या
त्या काचेवरही दव,
आणि दवात कोरडी राहिलेली काहीतरी अक्षरं,
जी मला दिसत होती, वाचता येत नव्हती.

"चाचा!"

ते आले, भिंतीला हात लावत.
व्हॉल्व्ह माझ्या हातातून घेतला, दिव्याखाली फिरवला.
"ई... सी... सी... आठ..."
आणि पुढचा आकडा वाचायच्या आत
त्यांच्याच बोटांच्या उबेने
काच साफ झाली.

ब्याऐंशी की त्र्याऐंशी की एक्क्याऐंशी,
तिघे दिसायला सख्खे भाऊ.
मी वहीत लिहायला गेलो आणि
पेन तिथेच थांबलं.

"आत ने," ते म्हणाले. "गार होऊ दे.
परत आणू बाहेर."

एसीच्या झोतात, उघड्या तळहाताएवढ्या बशीत
आम्ही तो ठेवला. बोट कुणीच लावलं नाही.
माझं उद्या सकाळी सहाला ड्युटीचं,
त्यांचं अठ्ठावीस तारखेचं विमान.

काच गार व्हायला वेळ लागतो.
त्यांनी खिडकीतूनच समोरच्याला बोटं दाखवली, दोन,
करक चहाची.