आधी बॅटरी

आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल.
ला पाझहून भाचा रेनान
फोनवर तीनदा बजावतो.
गेल्या खेपेला बासिलियाने उलटं केलं,
कंट्रोलर जळाला,
एक लामा विकावी लागली.

उन्हाने दोन्ही तारा
एकाच रंगाच्या करून टाकल्यात.
मीटर लावून तिने अधिकची शोधली,
शालीचा लाल धागा काढून
तिला गाठ मारली.

पाना फिरतो. बोटं गारठलेली.
एवढ्या उंचावर सकाळी
ऊन नुसतं दिसतं.

तरी पॅनलला तेवढं पुरतं.
हिरवा दिवा.
विहिरीत पंप खाकरतो,
गढूळ थुंकतो, गप्प होतो,
पुन्हा खाकरतो.

बादली अजून कोरडीच,
आणि तिच्यात तोंड घालून उभं
त्या विकलेल्या लामाचं पिल्लू.