जेवणानंतर दोन तासांनी

एक वाजून दहा. सेंट्रिफ्यूजचं झाकण लागलं.
आता बारा मिनिटं लोकांचं रक्त
आपल्या आपण गरगरत राहील.
तेवढीच माझी सुट्टी,
वर आठ मिनिटं हेतलनं दिलेली: "जा, काउंटर मी बघते."

डबा ओट्यावरच राहिला सकाळी,
दुधीचे मुठिये, त्यांवर पालथी वाटी.
पर्समध्ये आहे तो कालचा कागद.
माझ्याच मशीननं काढलेला,
खाली 'तपासणारी' म्हणून माझीच सही,
सहा पूर्णांक दोन.
दिवसाला साठ कागद मी खिडकीतून देते,
चेहऱ्यावरची रेघही न हलवता.
हा एक मात्र चार घड्या घालून
रुमालाखाली ठेवलाय.

दांडिया बाजाराच्या उन्हात जिना उतरले
आणि कोपऱ्यावर सेवउसळवाला पळी आपटत म्हणाला,
"बेन, तीखुं के मोळुं?"
उसळच तर आहे, मी स्वतःला सांगितलं.
उसळ म्हणजे कडधान्य, कडधान्य म्हणजे ताकद,
शेव तरी काय, बेसनच की,
आणि पाव एकच घेऊ, तोही अर्धा टाकू.
वकील झाले असते तर बरी चालले असते.
पण तर्रीवर तेलाचा तवंग थरथरला
आणि मला ट्यूबमधला तो दुधाळ सीरम आठवला,
ज्याला आम्ही लॅबमध्ये हळूच 'लस्सी' म्हणतो.
पुढे चालू लागले.

लीलो चिवडो.
नावात हिरवं आहे म्हणून
काही भाजी होत नाही त्याची.

नव्या कॅफेत काचेमागे पानांचा वाडगा,
दोनशे चाळीस रुपये, वीस मिनिटं थांबावं लागेल.
पानं धुवायला वेळ लागतो म्हणे.
मी घड्याळ बघितलं. सहा मिनिटं गेलेली.

बँकेच्या पायऱ्यांशी एक हातगाडी,
ओल्या फडक्याखाली हिरवागार पोंक.
आमच्या घरात ह्याला हुरडा म्हणतात,
पण बडोद्यात तीन पिढ्या काढल्यावर
बाजारात तोंडातून पोंकच निघतो.
शंभर ग्रॅम म्हटलं. लिंबू पिळा, कांदा घाला.
शेव नको.
त्याचा हात तराजूवर थांबला.
"पोंक, ने सेव वगर? घरमां कोई मांदुं छे?"
कुणी आजारी आहे का घरात.
नाही, म्हटलं. अजून नाही.

उभ्यानंच खाल्लं, एका स्कूटरच्या सीटवर पुडा ठेवून.
दाणा कोवळा, दातांना जेमतेम कळेल इतका.
ह्याला अजून महिनाभर शेतात राहू दिलं असतं
तर ज्वारी झाला असता, मग पीठ, मग भाकरी,
कुणीतरी बसून, पाणी घेऊन, सावकाश खाल्ली असती.
ह्यालाही कुणी थांबू दिलं नाही.
चावत गेले तशी जीभ म्हणाली, गोड आहे.
गोड आहे गं.
आता हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

जिना चढताना दम लागला, तो उन्हानं, असं धरलं.
सेंट्रिफ्यूज थांबून वाट बघत होतं.
वर पिवळं, खाली लाल, सगळ्यांचं सारखंच.

तीन वाजून वीस. हेतलनं माझ्या दंडाला पट्टा बांधला,
राखाडी झाकणाची नळी काढली
आणि रोज सगळ्यांना विचारते त्याच आवाजात म्हणाली,
"काय खाल्लं? खरं सांगा हं."
पोंक, म्हटलं. लिंबू. कांदा.
"बस?"
बस.
सुई आत गेल्यावर आठवलं:
पुडा देताना त्यानं वरून चिमूटभर झीणी शेव टाकलीच होती,
"थोडीक तो जोईए ने," पैसे न घेता,
आणि ती मी बाजूला काढली नव्हती.
उलट तीच आधी खाल्ली.

हेतलला सांगितलं.
ती हसली नाही. नळीवर माझं नाव चिकटवलं,
जरा तिरकं, आणि नळी रॅकमध्ये ठेवली,
एका शहांच्या आणि एका पठाणांच्या मध्ये.