वरचं मीठ

फंडाचे पैसे आले तेव्हा घरच्यांना वाटलं काशी,
फार तर रामेश्वर.
एकतीस वर्षं शिरोड्याच्या आगरात काटा धरलेला माणूस
आणखी जाणार कुठे?
मी गेलो अँडीजला.
तीन विमानं, एक बस, शेवटी एक खटारा,
त्यात माझ्याशेजारी पाय बांधलेला बोकड.

तिथली हवा पाणी घातलेल्या ताकासारखी.
दहा पावलांत छातीचा भाता.
टोपीवाल्या एका बाईने हिरवी पानं दिली चघळायला,
चुन्याऐवजी राख.
मी थुंकायला जागा शोधत राहिलो,
ती हसली. पाठीवरच्या झोळीतलं पोरही.

मग वळणावरून दिसलं.
आगर.
डोंगराच्या उतारावर. समुद्र नाही, भरती नाही, खाजण नाही,
आणि कोंड्यांखाली कोंड्या,
पांढऱ्या, तांबूस, काही गुळाच्या पाकासारख्या,
हातभर बांध, बांधावरून वीतभर पाट,
पाटातून डोंगराच्या पोटातलं खारं पाणी
ज्याच्या त्याच्या वाट्याचं.
मी आधी बूट काढले.
आगरात बूट घालून कोण उतरतं?

सेवेरिना तिचं नाव. सात कोंड्या, आईकडून आलेल्या.
तिने फळीने मीठ ओढलं
आणि ओढताना जो आवाज होतो
तो तसाच झाला.
कसा ते सांगता येत नाही.
पाटीवर पेन्सिल… नाही, तसाही नाही.
"काची," ती म्हणाली. त्यांच्या भाषेत मीठ.
मला काच ऐकू आली,
आणि उन्हात ती होतीच.

किलोभर घेतलं. माझी नजर काट्यावर, जुनी खोड.
काटा बरोबर होता.
तरी तिने वर एक मूठ टाकली.
त्याला त्यांच्यात यापा म्हणतात. आपल्यात नुसतं 'वर'.
बाजारात सुंगटांच्या वाट्यावर
दोन सुंगटं पडतात, तेवढंच.
एकतीस वर्षांत माझ्या काट्यावरून
वर असं कुणालाच काही गेलं नाही.
हे मला तिथे, त्या बांधावर, अनवाणी उभं असताना
आठवायची काय गरज होती?

परतल्यावर पुडी घेऊन न्हानू रेडकराकडे गेलो.
मिठाच्या चकाकीने त्याचे डोळे कधीच गेलेत,
जीभ शाबूत.
त्याने एक खडा टाळूला लावला. बराच वेळ बोलला नाही.
"ह्यां आपल्या आगरातलां न्हय."
नाही.
"पन दर्याचांच."
अरे, तिथे समुद्र कुठला, मी म्हटलं,
तीन हजार मीटर उंच, नुसते डोंगर.
"असतलो," न्हानू म्हणाला,
"म्हातारो झालो असतलो.
डोंगरार जावन बसलो."

मग हात पुढे केला.
मी चिमूट ठेवली.
हात तसाच.