'म्हणून'च्या आधी

पाळकसाहेब पंधरा दिवस नगरला,
लेकीच्या बाळंतपणाला.
दानीएलराव आवळे फाटकातूनच म्हणाले,
सिस्टर, येत्या रविवारी संदेश तुमच्याकडे.
शास्त्रपाठ ठरलेला आहे, चारच वचनं.

मी म्हटलं, एका संध्याकाळचं काम.
चौतीस वर्षं मिशन दवाखान्यात रात्रपाळ्या काढल्या,
चार ओळींना काय घाबरायचं?

सोमवारी बसले.
पहिलाच शब्द: म्हणून.
आणि तिथंच गाडी उभी,
पूर्वी मिरज जंक्शनात इंजिन बदलायला
तासतासभर थांबायची तशी.

पुढचं सोपं होतं.
तिसऱ्या वचनात तर आयता उपदेश, जिभेवर येऊन बसलेला.
गोष्टही होती माझ्याकडे,
बेड नंबर अकरावरच्या जतच्या म्हाताऱ्याची,
शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय मागितलं ती.
ऐकणारे डोळे पुसतात. आजवर चुकलेलं नाही.

पण 'म्हणून' हलेना.
वडिलांची जुनी प्रत काढली, कसरीनं खाल्लेली.
तिथं 'यास्तव'. म्हणजे तेच.
कुणी दारात उभं राहून एकदम
"म्हणून आलो" म्हणालं
तर आपण विचारतोच ना, का बाबा, काय झालं?

नव्या डॉक्टरांना हेच सांगायचे मी.
पोट दुखतंय म्हटल्याबरोबर गोळी लिहू नका.
स्टूल ओढा. बसा. कधीपासून, ते विचारा.
बायको मध्ये बोलली तर तिला गप्प करू नका.
आणि तुम्हाला जे सापडायला हवंय
ते पेशंटच्या पोटात तुम्हीच ठेवू नका.

मंगळवारी मागची पानं उलटली,
बुधवारी त्याच्याही मागची.
दूध उतू गेलं, पातेलं करपलं.
पत्र लिहिणारा अकरा अध्याय वाद घालतोय,
मध्येच हरखतोय, रडतोयसुद्धा,
आणि सांगतोय एवढंच,
की बिल भरलेलं आहे.
आपल्याला कळायच्या आधी. दुसऱ्याच कुणीतरी.
मग श्वास घेतो.
मग लिहितो, म्हणून.

मी हुकूम वाचायला बसले होते,
पावती पाहिलीच नव्हती.

गुरुवारी कल्लव्वा ताक घेऊन आली.
अथणीकडची. नवरा आमच्याच वॉर्डात होता,
बिलाच्या खिडकीवर तिला सांगितलं, काही द्यायचं नाही, जा.
ती गेली नाही.
बावीस वर्षं लाँड्रीत चादरी धूत राहिली.
मी आज विचारलं, तेव्हा नाही विचारलं कधी,
फेडत होतीस का गं?
ती हसली. फेडायचं काय, फिटलं होतं की.
अदक्क.

त्या कानडी शब्दावर मी ताक तसंच ठेवलं.
वहीत लिहू लागले तर म्हणाली,
माझं नाव देवळात घ्यायचं नाही हं, सिस्टर.

शुक्रवार कोरा गेला.
शनिवारी रात्री लाल पेन्सिल घेतली
आणि बेड अकराचा म्हातारा काढून टाकला.
जड गेलं. चांगली गोष्ट होती,
पण या चार वचनांनी ती मागितली नव्हती.
ती मलाच सांगायची होती.

उरली दीड पानं.
दानीएलरावांना वाटेल बाईंनी तयारी केली नाही.

रविवारी दुसरी घंटा झाली.
इस्त्रीची पांढरी साडी, गुडघ्यात कळ,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
शास्त्रपाठ वाचायला उभी राहिले.
'म्हणून', एवढंच वाचलं
आणि थांबले.

पंखा फिरत होता.
दोघातिघांनी मान वर केली, बाई विसरल्या की काय.
मागच्या बाकावर कल्लव्वानं
डोक्यावरचा पदर सारखा केला.